डॉ. म्हात्रे यांची शुद्ध चूक

डॉ. दामोदर म्हात्रे यांच्याविषयी चांगले बोलणारा माणूस मला बोईसरमध्ये भेटला नाही, आणि वाईट बोलणाऱ्यांपैकी एकही खोटे बोलत नव्हता. ते उद्धट होते, हेकट होते, आणि समोरचा मूर्ख आहे हे त्याचे त्याला उमजेपर्यंत थांबण्याची सवलतही ते देत नसत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याचा मी व्यवस्थापक होतो, तेथे ते काही वर्षे माझ्या शेजारच्या खोलीत बसले. एवढ्या काळात त्यांनी मला एकदाही ‘कसे आहात’ म्हणून विचारले नाही. मीही विचारले नाही. त्यामुळे आमचे बरे जमले.

ते मूळचे केळव्याचे. घरची सुपारी आणि पानवेलीची वाडी. गावात डॉक्टर ही पदवी लावून परतलेला पहिला माणूस म्हणून लोक त्यांच्याकडे ताप दाखवायला येत. आपण रसायनशास्त्राचे डॉक्टर आहोत, हे ते प्रत्येक रोग्याला मुळापासून समजावून सांगत. बऱ्याच जणांचा ताप तेवढ्या वेळात उतरत असे. पुढे सत्तरच्या दशकात ते पालघरच्या एका महाविद्यालयात शिकवू लागले. तेथून ते का बाहेर पडले याची कथा ते स्वतः अभिमानाने सांगत. छापखान्याने त्यांच्या प्रश्नपत्रिकेतील दोन प्रश्नांची अदलाबदल केली. प्रश्न तेच होते, गुण तेच होते, विद्यार्थ्यांनी तक्रार केली नव्हती. प्राचार्य म्हणाले, “म्हात्रे, प्रश्न सगळे आले आहेत ना?” डॉक्टर म्हणाले, “पाटा, वरवंटा आणि तुमचे बोट, तिन्ही स्वयंपाकघरातच असतात. कशाच्या खाली काय येते, यावर फरक पडतो.” प्राचार्यांना हे उदाहरण आवडले नाही.

आमचे मालक जयंतीशेठ यांचा धंदा कापडाच्या रंगांना लागणाऱ्या रसायनांचा. नवापूरच्या बाजूला आमचा नाला आज कोणत्या रंगाचा वाहतो, यावरून आत काय शिजत आहे ते गावकरी सांगू शकत. ऐंशीच्या सुमारास शेठना कोणीतरी सांगितले की पेप्टाइड नावाचा एक माल आहे, जो किलोवर नव्हे, ग्रॅमवर विकला जातो. शेठना त्यातले दुसरे काही कळले नाही. कळायची गरजही वाटली नाही. त्यांनी एक खोली रिकामी केली, तिला वातानुकूलन बसवले आणि डॉ. म्हात्रे यांना आणून आत ठेवले. कारखान्यात थंड हवा फक्त दोघांना होती, एक शेठ आणि दुसरे डॉक्टर. अप्रिय होण्यासाठी डॉक्टरांना एवढेही कारण पुरले असते. त्यांनी स्वतःकडून पुष्कळ भर घातली.

त्यांचा विषय थोडक्यात असा. अमिनो आम्ले नावाचे काही मोजके पदार्थ आहेत. ते एकमेकांस जोडत गेले की साखळी तयार होते. लहान साखळीस पेप्टाइड म्हणतात. अशा दोन साखळ्या कधी एकमेकींना घट्ट धरतात, कधी ओळखही देत नाहीत. धरणे न धरणे हे साखळीत काय आहे यापेक्षा ते कोठे आहे यावर ठरते. एका साखळीवरचा धन भार दुसरीवरच्या ऋण भारासमोर आला पाहिजे, आणि पाण्यापासून तोंड फिरवणारे तेलकट दुवे एकमेकांकडे वळले पाहिजेत. एक दुवा जागेवरून हलवा, पकड सुटते. डॉक्टरांचे सारे आयुष्य या एका वाक्यात मावत होते आणि ते वाक्य त्यांनी आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीस लावले. त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितले, “यांना भाताआधी मीठ वाढलं तर चालतं, मिठाआधी भात वाढला तर जेवण थांबतं.” बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माहिती दिल्यासारख्या त्या बोलल्या.

शेजारच्या भूखंडावरील कारखान्यात एकदा अमोनिया सुटला. भोंगा झाला. आमची माणसे वाऱ्याच्या दिशेनेच बोईसरच्या रस्त्याला धावत सुटली, म्हणजे वायूच्या सोबतीने. डॉक्टर एकटे फाटकापाशी उभे राहिले. आधी ओला रुमाल नाकास लावायचा, मग वाऱ्याची दिशा पाहायची, मग वाऱ्यास आडवे चालायचे, हा क्रम त्यांनी मोठ्या आवाजात सांगण्यास प्रारंभ केला. सांगताना रुमाल तोंडावरून काढावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. चुकीच्या दिशेने पळालेले सर्व लोक चहाच्या टपरीवर सुखरूप पोहोचले. त्या दिवशी बरोबर असलेला एकमेव माणूस डॉ. म्हात्रे होते, आणि दवाखान्यात उचलून न्यावा लागलेलाही एकमेव माणूस तेच. रामसजीवन नावाच्या ऑपरेटरने त्यांना खांद्यावर घेतले होते. तो म्हणाला, “साब, रास्ते भर बोल रहे थे, पहले पैर मत पकड़ो, पहले सिर।”

त्यांच्या हाताखाली काम करण्यास कोणी टिकत नसे. टिकली ती हेमलता तांडेल. सातपाटीची. वडील खलाशी होते. जाळे ओढण्याच्या यंत्रात हात सापडल्यापासून घरी बसले होते. घरात येणारा पगार तिचाच, आणि त्यावर दोन धाकट्या बहिणींचे शिक्षण चालले होते. ती शास्त्राची पदवीधर होती, हाताने अतिशय नेटकी होती, आणि तिला डॉक्टरांची भीती वाटत नसे. घाऊक मासळीच्या लिलावात आईबरोबर लहानपण काढलेल्या मुलीस आरडाओरड्याचे नवल नसते.

तिच्या आरंभीच्या दिवसांतला एक धडा मी दारातून ऐकला आहे.

“तांडेल, तुम्ही सातपाटीच्या ना? मग हा विषय तुम्हाला येतो. येतो हे तुम्हाला ठाऊक नाही, एवढेच. बोंबील वाळत कसे घालतात?”

“वलांडीवर, सर. बांबू बांधून दोऱ्या ताणतात, त्यावर.”

“एकेक?”

“नाय. जोडीनं. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आनि दोरीवर टाकायचं.”

“सुटत का नाहीत?”

“दात हायत ना आत वळलेले. धरून ठेवतात.”

“उत्तम. हेच दात बोंबलाच्या शेपटीला असते तर? दात तितकेच. बोंबीलही तेवढाच. फक्त जागा वेगळी.”

“तर देवानं बोंबील करायच्या आदी तुमाला विचारलं असतं, सर.”

मला वाटले, मुलगी गेली. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला.

“विचारायला हवे होते,” ते म्हणाले. “जबड्याच्या रचनेत सुधारणेस वाव आहे.”

ते विनोद करत नव्हते. या माणसाने हयातीत विनोद केला असेल तर तो माझ्या कानावर आलेला नाही.

डॉक्टरांची आणखी एक पद्धत सांगणे भाग आहे, कारण पुढचे सर्व तिच्यातून घडले. साखळीतील आम्लांचा क्रम ते कधीही कागदावर उतरवत नसत. औद्योगिक वसाहतीत प्रत्येक जण दुसऱ्याची कृती चोरण्यासाठीच जन्माला आला आहे, अशी त्यांची धारणा होती. ती अगदीच निराधार नव्हती. आमच्या शेठनी कारखाना तसाच उभा केला होता. म्हणून दार लावून डॉक्टर क्रम तोंडी सांगत, हेमलता तो परत म्हणून दाखवी, आणि मग कामाला लागे. वेदपाठशाळेत शोभावी अशी ही व्यवस्था वातानुकूलित खोलीत चाले.

यात एक बारकावा होता. पुस्तकात साखळी डोक्याकडून शेपटीकडे लिहितात. प्रयोगशाळेत मात्र ती शेपटीकडून बांधतात. शेवटचा दुवा आधी राळेच्या बारीक मण्यांवर पक्का बसवायचा, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा, असे करत डोक्याशी यायचे. म्हणून डॉक्टर क्रम नेहमी शेपटीकडून सांगत. जे आधी ऐकले ते आधी बसवायचे, इतके सरळ. कित्येक साखळ्या अशा झाल्या आणि एकीतही खोट निघाली नाही.

मग मुंबईच्या एका संशोधन संस्थेची मागणी आली. सात दुव्यांची एक साखळी हवी होती. संस्थेकडे असलेल्या दुसऱ्या, लांब साखळीस तिने घट्ट धरायचे होते, म्हणजे रक्तातील एक दोष ओळखण्याची चाचणी तयार करता आली असती. क्रम ठरवण्याचे काम डॉक्टरांकडे होते. लायसीन नावाचे धन भाराचे आम्ल दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागी ठेवायचे, असे त्यांनी बराच काळ डोके लावून ठरवले. हे साधले तर शेठ प्रयोगशाळा वाढवणार होते. साधले नाही तर त्या खोलीतील थंड हवेकडे शेठच्या मेव्हण्याची नजर होतीच.

काम सुरू करण्याच्या दिवशी संस्थेचे दोन शास्त्रज्ञ पाहायला आले. दोघेही डॉक्टरांपेक्षा वयाने लहान, आणि त्यांतला एक परदेशातून नुकताच परतलेला. त्या दिवशी डॉक्टर बूट घालून आले. एरवी ते कारखान्यात चपला घालून वावरत आणि सुरक्षा अधिकाऱ्यास सांगत की माझ्या हातून आम्ल सांडत नाही. पाहुण्यांसमोर त्यांनी क्रम सांगितला तो सभेत सांगतात तसा, पुस्तकी रीतीने, डोक्याकडून. प्रत्येक जागेवर थांबून हेच आम्ल येथेच का, यावर त्यांनी भाष्य केले. परदेशातून आलेल्याने दोनदा मान हलवली. डॉक्टरांचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता.

“ऐकलेत ना, तांडेल? करा सुरुवात.”

“सर, एकदा परत म्हनून दाखवू?”

“पाहुण्यांसमोर बालवाडी भरवायची नाही. करा.”

तिने केली. जे आधी ऐकले ते आधी बसवले.

माल तयार झाला. आम्ही तपासला तेव्हा सातही आम्ले योग्य प्रमाणात होती, आणि भेसळीचा मागमूस नव्हता. इतका स्वच्छ माल त्या कारखान्यातून त्याआधी कधी बाहेर पडला नव्हता. तो मुंबईस गेला, आणि तेथील साखळीने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. पकड शून्य. संस्थेने मागणी रद्द केली. शेठनी कारण विचारले आणि सभा बोलावली.

सभेपूर्वी डॉक्टर दोन दिवस खोलीतून फारसे बाहेर आले नाहीत. उरलेला नमुना घेऊन, साखळीच्या डोक्याशी कोणते आम्ल आहे हे ओळखण्याची एक जुनी, कंटाळवाणी परीक्षा ते स्वतःच्या हाताने करत होते. त्यांना ती कोणी करायला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, “डोक्याशी ग्लायसीन हवे. टायरोसीन आहे.” मी म्हणालो, “म्हणजे?” ते म्हणाले, “म्हणजे तुम्हाला कळणार नाही,” आणि निघून गेले. मला कळले होते. पाहुण्यांसमोर क्रम सांगितला तेव्हा मीही तेथे होतो; ग्लायसीन ही पहिली जागा, टायरोसीन सातवी. साखळी अथपासून इतिपर्यंत उलटी बांधली गेली होती.

सभेस शेठ, डॉक्टर आणि मी. हेमलतेला दाराशी उभे ठेवले होते. शेठनी निर्णय आधीच केला होता.

“डॉक्टरसाहेब, तुमच्यावर काही नाही. तुमची विद्या मोठी. या पोरीच्या हातून बॅच गेली. तिला आजच हिशेब देऊन मोकळी करतो. तुम्हाला दुसरा माणूस देऊ, पार्टीच्या हातापाया पडू, पुन्हा माल करा.”

हे बाहेरून सौम्य वाटते, पण तसे नव्हते. तारापूरमध्ये ‘बॅच घालवली’ हा शिक्का एकदा बसला की दुसऱ्या कारखान्याचे फाटक उघडत नसे. व्यवस्थापक एकमेकांना फोन करत; मीही केले आहेत. हेमलतेला हे ठाऊक होते. ती शेठकडे पाहत नव्हती, डॉक्टरांकडे पाहत होती. क्रम तोंडी सांगितला गेला होता. पाहुणे साखळीचे कौतुक करण्यात दंग होते, ते साक्षीला येणार नव्हते. डॉक्टरांनी फक्त गप्प राहायचे होते. आणि ते गप्प होते. समोरच्या चहाच्या बशीकडे पाहत ते बसून होते.

“काय झालं असेल,” शेठ मला म्हणाले, “गडबडीत कुठला तरी मसाला कमीजास्त पडला असेल.”

बशी वाजली.

“कमीजास्त काहीही पडलेले नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही स्वयंपाकी ठेवलेला नाही. कमीजास्त पडले असते तर माल अशुद्ध निघाला असता. तो निर्मळ आहे. फक्त उलटा आहे. लायसीन दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या जागी हवे होते. ते दुसऱ्या, पाचव्या, सहाव्या जागी गेले. समोरच्या साखळीचे ऋण भार वाट पाहत बसले आणि त्यांच्यासमोर कोणी आलेच नाही.”

शेठ व्यवहारी माणूस. ते म्हणाले, “उलटा आहे तर उलटा धरून लावा ने. माल तर तोच.”

“डाव्या पायाचा बूट आहे, शेठ. टाच पुढे आणि टोक मागे केलेत म्हणून तो उजव्या पायात बसत नाही. तुम्ही घरी करून पाहा.”

“मग उलटा केला कोणी?”

“मी.”

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले.

“मी डोक्याकडून सांगितले. शेपटीकडून सांगायचे होते. यांनी जसे ऐकले तसे बांधले, आणि निर्दोष बांधले. यांच्या हातून चूक झाली असती तर ती किरकोळ, गबाळी चूक झाली असती. ही आरपार एकसारखी चूक आहे. इतकी शुद्ध चूक या इमारतीत माझ्याशिवाय कोणालाही जमणार नाही.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी खाली मान घालून म्हटले नाही. गणित सोडवून फळ्याजवळून मागे सरकणाऱ्या मास्तरासारखे म्हटले.

शेठना पेप्टाइड कळले नव्हते, पण हे कळले. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मग तर वांधा आहे. पोरीचा पगार लहान, तिची चूक परवडते. तुमची नाही परवडत.”

“अर्थात,” डॉक्टर म्हणाले. शेठच्या तोंडून प्रथमच काही तर्कशुद्ध बाहेर पडल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते.

पुढे ही हकीकत वसाहतीत फिरली तेव्हा तिचे सोने झाले. म्हात्रे डॉक्टरांनी एका गरीब मुलीसाठी स्वतःची नोकरी ओवाळून टाकली, असे लोक सांगू लागले. जे त्यांना कालपर्यंत शिव्या देत होते, तेच हे गहिवरून सांगत. मी त्या सभेत होतो. डॉक्टरांनी त्या मुलीस वाचवले नाही. शेठ गप्पांच्या ओघात चुकीचे कारण देत होते आणि ते त्यांना सहन झाले नाही, एवढेच घडले. खऱ्या कारणाच्या मागे ती मुलगी उभी होती, म्हणून वाचली. शेठनी ‘मसाला’ म्हटले नसते तर डॉक्टर बोलले असते की नाही, हे मला सांगता येत नाही. मी त्यांना विचारले नाही. त्यांनाही ते ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

एकदा सरळ क्रमाने साखळी बांधून पाहू द्या, एवढी मागणी त्यांनी केली. शेठनी ती नाकारली. डॉक्टरांनी ठरवलेल्या जागा मुळात बरोबर होत्या काय, सरळ बांधलेल्या साखळीने जोडीदार धरला असता काय, हे त्यामुळे कधीच सिद्ध झाले नाही. डॉक्टरांना अर्थातच शंका नव्हती. महिनाअखेर त्या खोलीत रंगांचे नमुने ठेवण्यात आले आणि थंड हवा मेव्हण्याच्या कार्यालयात गेली. हेमलतेला आम्ही रंगांच्या तपासणीवर घेतले. तेथे क्रमाचा प्रश्न नव्हता. डबा लाल झाला की लाल.

डॉक्टरांच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. वर्गणी कोणी मागितली नाही, आणि मागितली असती तर कोणी दिली नसती. पाळी सुटण्याच्या वेळी मी फाटकाशी उभा होतो. डॉक्टर हातात कापडी पिशवी घेऊन आले. मागून हेमलता आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले काहीतरी होते, बहुधा घरचे सुकट. ते देण्याचा धीर होत नव्हता की इच्छा होत नव्हती, कळत नव्हते.

डॉक्टरच बोलले. “तांडेल, तुमचा हात चांगला आहे. डोके वापरले असतेत तर माझी नोकरी राहिली असती. इतकी वर्षे शेपटीकडून सांगत आलो. त्या दिवशी मी ‘पहिली जागा’ म्हणूनच आरंभ केला. तुमच्या मनात शंका आली नाही?”

“आली होती, सर.”

“मग विचारले का नाहीत?”

हेमलतेने पुडके एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. “विचारत होते ना, परत म्हनून दाखवू का. तुमी बालवाडी काडलीत. तुमाला पुन्ना विचारायची कुनाला सोय होती का, सर?”

ज्या उत्तराची खात्री नाही ते उत्तर द्यायचे नाही, हा डॉक्टरांचा नियम होता.

“नव्हती,” ते म्हणाले.

तिने पुडके त्यांच्या पिशवीत ठेवले. त्यांनी नको म्हटले नाही, आभारही मानले नाहीत. रस्त्यावर बोईसरला जाणारी रिक्षा भरून उभी होती. मागच्या बाकावर पाळी सुटलेले चौघे दाटून बसले होते, म्हणून चालकाने डॉक्टरांना आपल्या शेजारी, अर्ध्या बैठकीवर घेतले. त्यांचा एक पाय बाहेरच राहिला.

“चाचा, थोडा इधर खिसको,” चालक म्हणाला.

डॉक्टर सरकले.